भिकुबाईची घागर

२४ मार्च, सोमवार

ही डायरी ह्यांना कृषी केंद्रातून फुकट मिळाली. हे म्हणजे आमचे जगदीशराव. त्यांना लिहायला वेळ नाही, केळीची कापणी सुरू आहे. म्हटलं आपण घ्यावी. प्रत्येक पानाखाली केळीविषयी एक सूचना छापलेली आहे. आजची आहे, 'घडाला ऊन लागू देऊ नका.'

लिहायचं कारण वेगळंच आहे. घरात काहीतरी शिजतंय आणि ते मला कुणी सांगत नाही. बी.ए. झालेल्या बाईने निदान तारीखवार नोंद तरी ठेवावी.

होळीला ह्यांनी नवा फोन घेतला आणि जुना आत्याबाईंना दिला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, झुंबरबाई. वय बासष्ट, अक्षरओळख नाही. म्हटलं कीर्तन बघतील, बसतील बिचाऱ्या. पहिले आठ दिवस बघितलंही. मग धुळ्याकडच्या एका लग्नाला जाऊन आल्या आणि तेव्हापासून फोन ओट्यावर दिसेनासा झाला. आज तो मला मिरचीच्या डब्यामागे सापडला. स्वच्छ मनाच्या माणसाला फोन मिरचीमागे ठेवायची काय गरज?

ही डायरी मी ज्वारीच्या डब्यात ठेवणार आहे. तिथे कुणी हात घालत नाही.

२७ मार्च, गुरुवार

पूर्वी दुपारी आमच्या ओट्यावर सात-आठ बायका असायच्या. कुणी गहू निवडायची, कुणी गोधडीला टाके घालायची, आणि अख्ख्या गावाची उणीदुणी निघायची. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या ओट्याचा मला धाक वाटायचा. आता तिथे एक कुत्रं झोपतं. शेजारच्या बेबाबाई आपल्या दारात रेसिपी बघतात, समोरची सुंदरबाई मालिका. मीही खोटं कशाला बोलू, जेवणानंतर तासभर रील बघते. फार तर दीड.

पण मी समोर बसून बघते. आत्याबाई भर उन्हात गोठ्यात जातात. म्हशीला पाणी पाजायला अर्धा तास कशाला लागतो? आज मागून गेले तर त्या गव्हाणीला टेकून फोन तोंडाशी धरून दबक्या आवाजात बोलत होत्या, आणि तेही अहिराणीत. त्यांचं माहेर शिंदखेड्याकडचं. इथे यावल तालुक्यात येऊन सेहेचाळीस वर्षं झाली. माझ्यादेखत त्या कायम आमच्यासारखंच बोलतात. मला अर्धंच समजतं, हे त्यांना चांगलं माहीत आहे.

मी खाकरले. फोन लगेच पदराखाली.

"काय करून राह्यल्या, आत्याबाई?"

"म्हैस पाह्यत होती व. आज आंबोण खाल्लं नही तिनं."

म्हशीचं टोपलं रिकामं होतं.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. आत्याबाई आपण होऊन म्हणाल्या, "ज्योत्स्ना, औंदा आखाजीले तू लवकर माहेरी जाय. पंधरा दिवस ऱ्हाय. आराम कर." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकी त्या सणाला माहेरी जातात.

सहा वर्षांत ह्या बाईने मला रावेरला, माझ्या माहेरी, चार दिवसांच्या वर कधी सोडलेलं नाही. आता पंधरा दिवस! मला घराबाहेर काढायची इतकी घाई कसली झाली आहे?

मी म्हटलं, "बघू."

३ एप्रिल, गुरुवार

आज ऐकलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

दुपारी गोठ्याच्या कुडामागे उभी राहिले. लेकीला, भूमिकाला, झोपवून गेले होते. आत्याबाईंनी फोनचं बटण दाबलं आणि एका बाईचा जाड, घोगरा आवाज आला. चाल लावल्यासारखा. मी शब्द न् शब्द लक्षात ठेवला.

"वरखेडानी झुंबरी, उवास्नी भरी टोपरी, तुना आंडोरले दुसरी दिसू, तुले गोठामा बांधसू!"

आंडोर म्हणजे मुलगा, एवढं मला कळतं. ह्यांना दुसरी बायको देणार आहे ती बाई! आणि माझ्या सासूला एकेरी, झुंबरी, वर उवांनी भरलेली टोपली! ऐकून आत्याबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी. पाच वर्षांपूर्वी मामंजी गेले तेव्हाही त्या इतक्या हलल्या नव्हत्या. मग डोळे पुसून त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि तशाच चालीत म्हणाल्या,

"तुनी म्हैस आटो, तुनं लुगडं फाटो!"

म्हणजे भांडण आहे. कुणीतरी धमकावतंय, आणि विषय मीच आहे. एक मुलगी झाली. दुसऱ्या खेपेला चौथ्या महिन्यात गेलं, त्यालाही दोन वर्षं झाली. लोकांच्या डोळ्यावर येणारच. आत्याबाईंनी तोंडाने कधी काही म्हटलं नाही, पण न बोलणाऱ्या माणसाचीच जास्त भीती असते.

आणि ह्या महिन्यात माझी तारीख टळून बारा दिवस झालेत. हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. मागच्या वेळी गावभर पेढे वाटून बसलो होतो.

७ एप्रिल, सोमवार

आत्याबाई मोरीत गेल्यावर फोन उघडला. कुलूप नाही. नाव-गाव नाही, नुसता कडुनिंबाच्या झाडाचा फोटो. वाचता येत नाही म्हणून फोटोवरूनच ओळखत असाव्यात. त्या झाडाखाली दोन्ही बाजूंचे मिळून एकशे बारा निरोप, सगळे आवाजाचे. दोन ऐकले. एकात माझ्या सासूचं नाक, दुसऱ्यात त्यांचं अख्खं माहेर काढलं होतं. आणि सगळं चालीत.

चाल लावून शिव्या कोण देतं? भगतीण देते. मी करणी-बिरणी मानत नाही. कॉलेजात त्यावर भाषणही केलं होतं. पण तेव्हा माझ्या पोटात काही नव्हतं.

सकाळपासून दोनदा ओकले. नळ सोडून ओकते, म्हणजे आवाज जात नाही.

१० एप्रिल, गुरुवार

ह्यांच्या कानावर घालून पाहिलं. बागेतून आले होते, घामाने निथळत. बाहेर ट्रक उभा.

"आत्याबाई दुपारभर फोनवर कुनाशी बोलतात, इचारलं का कधी?"

"बोलू दे ना. तू नही का पाह्यत दिवसभर?"

"मी दिवसभर पाह्यते?"

"बरं, अर्धा दिवस," म्हणाले आणि ताट पुढे ओढलं. आईचं आलं की ह्यांचे कान बंद.

आत्याबाईंनी आज पुन्हा माहेरचा विषय काढला. वर स्वतःहून माझ्या वाटचं धुणं धुतलं. इतकं गोड वागायचं काही कारण असतंच. आता माझं पक्कं ठरलं. आखाजीला माहेरी जायचं नाही. मी गेले की मागे काय होईल, ते सांगायला ज्योतिषी नको.

१२ एप्रिल, शनिवार

आज मी ते करून टाकलं.

आत्याबाई मारुतीच्या देवळात गेल्या होत्या. मी निंबाच्या झाडावर बोट ठेवलं आणि नंबर बंद केला. निरोप पुसले, नंबरही पुसला. फोन होता तसा मिरचीमागे ठेवला. दोन मिनिटांचं काम. घर माझंही आहे. माझ्या संसारात बाहेरची बाई शिव्या देत शिरणार आणि मी काय पोळ्या लाटत बसू?

रात्री छान झोप लागेल असं वाटलं होतं.

१४ एप्रिल, सोमवार

आत्याबाई स्वतः फोन घेऊन माझ्याकडे आल्या. पहिल्यांदाच.

"ज्योत्स्ना, पाह्य बरं. निंबाचं झाड दिसत नही. तुले समजतं यातलं."

मी खालीवर बोट फिरवल्यासारखं केलं. "नेटवर्क नसीन. नही तर समोरच्यानं फोन बदलला असीन."

"कोणाचा नंबर होता?" हेही विचारलं, अगदी सहज.

"होती एक," म्हणाल्या आणि फोन घेऊन गेल्या. म्हणजे अजूनही सांगायचं नाहीच.

१९ एप्रिल, शनिवार

चव्वेचाळीस डिग्री. आत्याबाई दुपारी गोठ्यात जाऊन बसतात, फोन मांडीवर. कुणी बोलत नाही, ह्याही बोलत नाहीत. जेवण अर्ध्यावर आलं आहे. काल भाजीत मीठ दोनदा पडलं.

मी जिंकले म्हणायचं. पण म्हैससुद्धा माझ्याकडे बघते असं वाटतं.

२५ एप्रिल, शुक्रवार

कुंभार आला होता. आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, आमरस-पोळीचा घास टाकतात. दरवर्षी मामंजींची एक घागर घेतो. आत्याबाईंनी दोन घेतल्या. वाजवून, पारखून.

"दुसरी कोणाची?" मी विचारलं.

"आहे एका मानसाची," म्हणाल्या.

घरात मेलेला माणूस एकच आहे. मग दुसरी घागर जिवंत कुणासाठी तर नाही? रात्री देवापाशी दिवा लावला आणि भूमिकाला कुशीत घेऊन झोपले.

२९ एप्रिल, मंगळवार

हे सगळं आजच लिहायला हवं. उद्या मला धीर होणार नाही.

दुपारी आम्ही दोघी उद्याचे गहू निवडत होतो. मी सरळ विचारलं, "आत्याबाई, ती दुसरी घागर माह्या नावाची आहे का?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे असं बघितलं की माझी मलाच लाज वाटली.

"येडी का काय व तू? भिकीची आहे ती. भिकुबाईची."

मग त्या बोलायला लागल्या, आणि सहा वर्षांत बोलल्या नसतील इतकं बोलल्या. त्यांचं माहेर वरखेडं, बुराई नदीच्या अलीकडे. पलीकडे चिंचोडं. आखाजीला दोन्ही गावच्या पोरी आपापल्या काठावर उभ्या राहायच्या आणि एकमेकींना चाल लावून शिव्या द्यायच्या. भाऊ, बाप, म्हशी, होणारा नवरा, काही सोडायच्या नाहीत. अलीकडून सगळ्यांत पुढे झुंबर, पलीकडून भिकी. चार वर्षं त्या दोघींनी एकमेकींना अशा शिव्या दिल्या की दोन्ही गावं ऐकायला जमायची. बोलणं मात्र कधी झालं नाही. मध्ये नदी होती. मग दोघींची लग्नं झाली, झुंबर इकडे आली.

"आता त्या धुळ्याकडच्या लग्नात तिची भाची रोशनी भेटली. तिनं नंबर देल्ला. मी पहिला निरोप धाडला तं राम राम नही केला, शिवीच देल्ली. घडीभरात तिचं उत्तर! सेहेचाळीस वर्सांनी व, ज्योत्स्ना! तोच आवाज. मले हासू आवरे ना, तोंडात पदर कोंबून हासू मी."

हसू! आणि मी कुडामागे उभी राहून त्यांचं रडणं मोजत होते.

"मंग गोठ्यात जाऊन काबरं बोलत होत्या?" मी म्हटलं.

"सुनेपुढे शिव्या देऊ काय? तू शिकेल बाई. म्हनशीन, सासू गावंढळ."

"पन भिकुबाई गेल्या, हे कोणी सांगितलं?"

"सांगाले कशाले पाहिजे? आमची रीत आहे. दुखवट्याच्या घराले शिवी देत नही. ज्या पोरीकडून आखाजीले आवाज येत नही, तिच्या घरी कोणी गेलं समजाचं. तिच्या घरी तं दुसरं कोणीच नही, मूल नही, धनी नही. दिराच्या ओसरीत ऱ्हाते. तिची घागर कोन भरीन?"

आणि पुन्हा सूप उचलून त्यांनी खडे निवडायला सुरुवात केली. डोळे कोरडे होते. त्यापेक्षा रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी सांगायला हवं होतं, तिथेच. तोंड उघडलं आणि म्हणाले, "पाणी आणते."

आत जाऊन त्यांचा फोन घेतला. बंद केलेल्या नंबरांत तो होता. खुला केला, लावला. रिंग वाजत राहिली. तीनदा लावला, कुणी उचलला नाही. आता मलाच वाटायला लागलं आहे की भिकुबाई खरंच गेल्या असतील, आणि शेवटचे सतरा दिवस मी त्यांच्याकडून काढून घेतले.

खाई त्याला खवखवे म्हणतात.

३० एप्रिल, आखाजी

आधी सकाळचं. दोन घागरी मांडल्या. मामंजींची आणि तिच्या शेजारी भिकुबाईंची. आत्याबाईंनी कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "पी माय पानी. तुले लय तहान लागे." माझ्याने तिथे उभं राहवेना. मी आंब्याचा रस काढायला ओसरीवर बसले. भूमिकासाठी ह्यांनी निंबाला झोका बांधला होता.

साडेअकराच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी गळा काढलेला ऐकू आला. आमच्याकडे दारावर येणाऱ्या बायका, म्हणजे दुखवट्याला येणाऱ्या, अशा वळणापासूनच रडत येतात.

"मनी झुंबर वं माय! माले सोडी कशी गई वं!"

बेबाबाई बाहेर आल्या, सुंदरबाई आली. अख्खी गल्ली ओट्यांवर, कितीतरी महिन्यांनी. एक काळी, उंच म्हातारी, खांद्यावर कापडी पिशवी, डोळ्यांना पदर, सरळ आमच्या अंगणात. मला बघून तिने मिठीच मारली. "तू सून ना वं? कवय गई मनी झुंबर? काय व्हयनं तिले?"

माझे दोन्ही हात रसाने माखलेले. मी तशीच उभी. आवाज ऐकून आत्याबाई दारात आल्या.

म्हातारीचं रडणं मध्येच थांबलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. नदीच्या दोन काठांवरून चार वर्षं बघितलेला चेहरा, तोही सेहेचाळीस वर्षांपूर्वीचा, ओळखायला वेळ लागणारच. मग म्हातारी म्हणाली,

"मरी नही का व तू, रांडे?"

"तू बी जित्तीच शे का?" आत्याबाई माझ्यादेखत पहिल्यांदाच अहिराणीत बोलल्या.

"तुना फोटो गया व फोनमाईन! निरोप जायेत नही, फोन लागत नही. रोशनी म्हने नेट बिघडनं व्हई. मी म्हनं नही, फोटो गया म्हंजे मानूस गयं. आखाजीले झुंबर गप बसाव नही. काल सकायमा निंघनू. धुये, जयगाव, यावल, तीन गाड्या बदल्यात. फोन तठेच ऱ्हायना खुट्टीले."

आणि मग तिची नजर घागरींवर गेली.

"एक तुना धनीनी. दुसरी कोनी शे?"

आत्याबाईंनी नुसतं भिकुबाईंकडे बघितलं.

"मनी? मनी घागर भरी टाकी तू?"

भिकुबाई पुढे झाल्या, डांगर बाजूला ठेवलं, स्वतःच्या नावाची घागर दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडाला लावून घटाघटा प्याल्या. हनुवटीवरून पाणी गळ्यात, लुगड्यावर. बेबाबाईंनी "अव माय" म्हणून तोंडावर हात ठेवला. अर्धी घागर रिती करून भिकुबाई म्हणाल्या, "गार शे. चांगला कुंभार शे तुना गावना." आणि मग त्या दोघी तिथेच ओट्यावर बसून हसत सुटल्या. पदर तोंडात न कोंबता.

मी हात धुतले. आता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं. आत्याबाईंनीच काल सांगितलं होतं की आखाजीची शिवी आखाजीलाच संपते, दुसऱ्या दिवशी कुणी मनात ठेवत नाही. मी झोक्यापाशी जाऊन दोरी धरली. मधलं अंगण नदीएवढं रुंद वाटलं. चाल मला येत नव्हती. एकशे बारा निरोपांतले तीन चोरून ऐकले होते, तेवढ्यावर सुरुवात केली.

"मी ज्योत्स्ना रावेरची, अक्कल माही गाढवाची! आत्याबाईचा फोन मीच बंद केला, जित्या बाईची घागर भराले लावली!"

ह्यांच्या हातातला डांगराचा काप तसाच राहिला. आत्याबाईंचं हसू गेलं. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या आणि मला एकदम सहा वर्षांची भीती एकाच जागी उभी राहिल्यासारखं झालं. भिकुबाईंनी त्यांना कोपर मारलं.

"झुंबरी, उत्तर दे ना व. का हारनी?"

आत्याबाई उठल्या. पदर कमरेला खोचला आणि इतक्या खणखणीत आवाजात म्हणाल्या की म्हैस हंबरली,

"सून माही बी.ए. पास, ज्वारीच्या डब्याले वहीचा वास! नळ सोडून वकते मोरीत, मले समजते, तिले वाटते चोरीत! पंधरा रोज माहेरी धाडू, तं म्हने सासू मले काढू!"

हे उठून उभे राहिले. "काय? कवापासून?" मी रडत होते आणि हसतही होते, नाक गळत होतं. आत्याबाई माझ्याजवळ आल्या, पदराने माझं तोंड पुसलं, जरा जोरातच पुसलं. "सतरा रोज," एवढंच हळू म्हणाल्या. "सतरा रोज मी मेलेल्या मानसासारखी बसली." मग हात धरून मला झोक्यावर बसवलं. झोका मात्र दिला नाही. दोन बोटं हलवला, माझ्या पोटाकडे बघून.

१ मे, गुरुवार

भिकुबाई आठ दिवस राहणार आहेत. दुपारी ओट्यावरचं कुत्रं उठवावं लागलं. नऊ बायका होत्या. बेबाबाईंनी फोनवर सगळं टिपून घेतलं आणि आता गावभर फिरवणार आहेत.

आत्याबाईंच्या फोनला आज कुलूप आहे. भूमिकाने लावून दिलं, पाच वर्षांच्या पोरीने! मला कुलपाचा नंबर सांगितला नाही, कुणीच सांगितला नाही. विचारायचं तोंड मला नाही. डायरी ज्वारीच्या डब्यातून काढून फळीवर ठेवली आहे. वाचता येणारा घरात दुसरा एकच आहे आणि तो केळीच्या सूचना वाचून ठेवून देईल.

बायका घरी गेल्यावर माझा फोन वाजला. निंबाच्या झाडाचा नाही, आत्याबाईंच्या नंबरावरून आवाजाचा निरोप. दोघी गोठ्यातून बोलत होत्या, मागे म्हैस ऐकू येत होती. माझ्या माहेरच्या केळीपासून माझ्या रीलांपर्यंत काही ठेवलेलं नाही. शेवटी भिकुबाई म्हणतात, "आते उत्तर दे व, रावेरनी!"

दीड तास झाला. एक ओळ जुळली आहे, दुसरी जुळत नाही. पण संध्याकाळच्या आत काहीतरी धाडायलाच हवं. नाही तर दोघी गोठ्यातून गळा काढत निघतील आणि माझ्या नावाची घागर आणायला कुंभाराकडे जातील.